क्रोख्माल्ना रस्त्यावरचे मुलांचे न्यायालय

मुलांची भांडणे मुलांनीच ऐकायची, निवाडाही मुलांनीच द्यायचा आणि घरातल्या मोठ्या माणसांनीसुद्धा तो मानायचा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी पोलंडमधल्या वॉर्सा शहरातील एका अनाथाश्रमात रुजली. क्रोख्माल्ना रस्त्यावरची 92 क्रमांकाची ती इमारत 1912 साली मुलांनी गजबजली. तिचे नाव ‘दोम सिएरोत’, म्हणजे अनाथांचे घर. ज्यू समाजातल्या गरीब, पोरक्या अशा सुमारे शंभर मुलामुलींसाठी ती बांधली होती. प्रमुख होते डॉ. यानुष कोर्चाक, आणि रोजचा सगळा कारभार स्तेफानिया विल्चिन्स्का पाहत. पोलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारचा अंमल होता, आणि शाळेत काय किंवा घरात काय, मुलाला वळण लावायचे म्हणजे धाक दाखवायचा, याबद्दल फारसे कोणाचे दुमत नव्हते.

यानुष कोर्चाक हे टोपणनाव. खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. बालरोगतज्ज्ञ म्हणून आणि लेखक म्हणून त्यांचे वॉर्सात नाव झाले होते. अनाथाश्रमाकडे वळण्याआधी शहरातल्या गरीब वस्त्यांमधील मुलांसाठी भरणाऱ्या उन्हाळी शिबिरांत ते पर्यवेक्षक म्हणून जात. पुस्तकी उत्साह घेऊन गेलेल्या या तरुणाला पहिल्याच शिबिरात मुलांनी जेरीस आणले, आणि आपल्यावर दरडावण्याची, धमकावण्याची पाळी आली हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. त्याच शिबिरांमध्ये त्यांना एक गोष्ट उमगली. मुलांना उद्देशून बोलणे वेगळे आणि मुलांशी बोलणे वेगळे. मुलांनी एकमेकांच्या तक्रारी ऐकून निर्णय द्यावा, हा प्रयोगही त्यांनी प्रथम शिबिरांतच करून पाहिला. क्रोख्माल्ना रस्त्यावर त्याला कायमचे घर मिळाले.

शंभर मुले एका छपराखाली राहू लागली की भांडणांना तोटा नसतो. कोणी कोणाला टोपणनावाने चिडवतो, कोणी रांगेत ढकलतो, कोणाची पेन्सिल नाहीशी होते, कोणी झोपू देत नाही. प्रत्येक मूल मोठ्या माणसाकडे धावत येते आणि ‘आधी त्याने मारले’ असे सांगते. मोठ्या माणसाजवळ वेळ थोडा असतो. मग जो आधी पोचला, जो जोरात रडला किंवा ज्याला नीट बोलता येते त्याचे खरे ठरते. अबोल मूल मार खाते आणि वर दोषही घेते. शिवाय मोठ्यांकडे जाऊन सांगणे म्हणजे चुगली, आणि चुगलखोराला मुलांच्या जगात मान नसतो. त्यामुळे ज्याला खरोखर त्रास होत असतो, नेमका तोच गप्प बसतो. कोर्चाक यांनी न्यायालय काढले ते या गप्प मुलासाठी. अनाथाश्रमाच्या न्यायसंहितेच्या प्रास्ताविकात त्यांनी ते स्पष्टच म्हटले आहे: दांडग्यांपासून शांत मुलांचे आणि बेफिकिरांपासून कामसू मुलांचे रक्षण करणे हे न्यायालयाचे काम आहे. न्यायालय म्हणजे साक्षात न्याय नव्हे, पण न्यायाकडे जाण्याची त्याची धडपड असली पाहिजे, अशी कबुलीही त्याच प्रास्ताविकात आहे.

कामकाजाची रीत साधी होती. ज्याला गाऱ्हाणे मांडायचे असेल त्याने स्वतःचे नाव आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव फलकावर नोंदवायचे. तक्रार दुसऱ्या मुलाविरुद्ध करता येई, शिक्षकाविरुद्ध करता येई, स्वतःविरुद्धही करता येई. न्यायालय आठवड्यातून एकदा बसे. पाच न्यायाधीश असत आणि ते निवडून येत नसत. त्या आठवड्यात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून त्यांची निवड होई. चिटणिसाचे काम एखादा मोठा माणूस करी. तो जबान्या लिहून घेई, त्या वाचून दाखवी, पण त्याला मत नसे.

चिठ्ठ्या टाकण्याचा नियम वरवर किरकोळ वाटतो; संस्थेचा पाया मात्र तोच होता. आपल्याकडच्या वर्गात मॉनिटर बहुधा गुरुजींच्या पसंतीने ठरतो, आणि तास मोकळा असला की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहितो. नाव लिहिण्याचा आणि पुसण्याचा अधिकार त्याच्या हातात राहतो, वर्गाचे हुशार-ढ आणि आवडते-नावडते हे गट त्या अधिकाराभोवती आणखी घट्ट होतात. वॉर्सातल्या त्या घरात आज निवाडा देणारा मुलगा पुढच्या आठवड्यात स्वतःच फलकावर झळकू शके, आणि फलकावर झळकलेला त्याच्या पुढच्या आठवड्यात न्यायाधीश होऊ शके. दुसऱ्याच्या चुकीकडे पाहताना आपलीही अशीच चूक झाली होती, हे आठवल्याशिवाय राहत नसे.

नोंद आणि सुनावणी यांत जाणारे दिवसही महत्त्वाचे. रागाच्या भरात फलकावर नाव लिहिणारा मुलगा दोन दिवसांनी तिथेच उभा राहून ते खोडून टाकी, कारण तोवर कट्टी संपून बट्टी झालेली असे. अशा मागे घेतलेल्या तक्रारी ही कोर्चाक यांना न्यायालयाची हार वाटली नाही. राग आणि कृती यांच्यामध्ये लिहिण्याएवढे अंतर पडले, की पुष्कळ भांडणे त्या अंतरातच विरून जातात.

न्यायालयाची संहिता कोर्चाक यांच्या ‘मुलावर प्रेम कसे करावे’ या ग्रंथात आहे. तो पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करताना त्यांनी लिहायला घेतला आणि युद्ध संपल्यावर तो प्रसिद्ध झाला. संहितेची कलमे एकपासून हजारापर्यंत जातात, मात्र मधले सगळे आकडे भरलेले नाहीत. पहिली नव्याण्णव कलमे माफीची किंवा प्रकरण निकालात काढण्याची. तिथून पुढे कलमे शंभरा-शंभरांनी चढत जातात. शंभरावे कलम एवढेच म्हणते, की आरोप खरा आहे आणि न्यायालय माफी देत नाही. दोनशेवे म्हणते, की वागणे चुकीचे होते. तीनशेव्यात निषेध येतो, चारशेव्यात गंभीर दोष. पाचशेव्या कलमाखालचा निवाडा आश्रमाच्या वार्तापत्रात छापला जाई, सहाशेव्याचा फलकावरही लागे, सातशेव्याचा घरच्यांना कळवला जाई. आठशेवे कलम लागलेले मूल आठवडाभर न्यायालयाच्या हक्कांबाहेर जाई. नऊशेव्या कलमात न्यायालय आशा सोडल्याचे सांगे. मग त्या मुलाला आश्रमात राहायचे असेल, तर कोणीतरी त्याची हमी घ्यावी लागे. हजारावे कलम आश्रमातून काढून टाकण्याचे, आणि तशा मुलालाही काही महिन्यांनी परत येण्यासाठी अर्ज करता येई.

या उतरंडीत छडी नाही, उपाशी ठेवणे नाही, कोंडणे नाही, उठाबशा नाहीत. तिच्यात आहेत ती शब्दांची वजने. चारशेव्या कलमापर्यंत न्यायालय केवळ बोलते. ते कोणाचे काही काढून घेत नाही. एखाद्या कृतीला नेमके काय म्हणायचे, ‘चुकीची’ की ‘वाईट’ की ‘अक्षम्य’, एवढेच ठरवण्यासाठी पाच मुले डोके खाजवत बसत. भाषेचा इतका गंभीर अभ्यास कुठल्याही व्याकरणाच्या तासाला होत नसेल.

संहितेची खरी श्रीमंती मात्र पहिल्या नव्याण्णव कलमांत आहे. माफीला तिथे कारण लागते, आणि कारण शोधायचे तर आरोपीच्या मनात शिरावे लागते. चूक होते आहे हे त्याला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते पण भान राहिले नाही? जुनी सवय सुटत नव्हती? कोणी भरीस घातले? घाबरून केले, रागाने केले, की गंमत म्हणून केले आणि गंमत अंगाशी आली? पश्चात्ताप झाला आहे काय? या प्रत्येक शक्यतेसाठी वेगळे कलम होते. ‘तू वाईट आहेस’ एवढे ऐकून मुलाला स्वतःबद्दल काहीच कळत नाही. ‘तू रागाच्या भरात केलेस, आणि तुझा राग कुठून आला तो आम्ही ऐकला,’ असे समवयस्कांकडून ऐकले की त्याला स्वतःच्या रागाची ओळख होते. संहितेचा आरंभच क्षमेच्या बाजूने आहे. कोणी काही वाईट केले असेल तर माफ करणे सर्वांत बरे, कारण माणूस सुधारेल याची वाट पाहता येते, अशी तिची भूमिका आहे. बहुसंख्य प्रकरणे माफीच्या कलमांखालीच निकालात निघत, आणि शंभरावे कलम लागले तरी मुलांना ते लागे.

कोर्चाक मूळचे डॉक्टर. रोग्याचा तक्ता ठेवावा तशी आकडेवारी ठेवण्याची त्यांना सवय होती. एका वर्षात या न्यायालयासमोर सुमारे 3,500 प्रकरणे आली. सर्वांत हलक्या आठवड्यात 50 होती आणि सर्वांत जड आठवड्यात 130. मोठ्या माणसाला त्यांतली बहुतेक क्षुल्लक वाटतील. पण ज्याची गोळा केलेली रंगीत काचेची गोटी गेली त्याच्यासाठी ती चोरीच असते. गोटीच्या तक्रारीची नोंद मोडलेल्या खिडकीच्या तक्रारीइतक्याच नीटपणे झाली पाहिजे, असा कोर्चाक यांचा आग्रह होता. मुलाच्या मालकीच्या वस्तूंचा आदर केल्याशिवाय त्याला दुसऱ्याच्या वस्तूंचा आदर शिकवता येत नाही.

हे सगळे सुरळीत चालले असे मात्र नव्हे. काही काळाने न्यायालय मुलांच्याच हातून खिळखिळे होऊ लागले. कोणी सूड उगवण्यासाठी क्षुल्लक तक्रारींचा ढीग लावी. कोणी न्यायाधीशांवर दबाव आणी. माफीचे कलम म्हणजे काहीच झाले नाही, असे समजून काही मुले निवाड्यांची टिंगल करू लागली. ज्यांच्यासाठी न्यायालय काढले ती शांत मुले ‘तक्रार करून काय उपयोग’ म्हणून पुन्हा गप्प झाली. कोर्चाक यांनी न्यायालय स्थगित केले. आपला लाडका प्रयोग फसतो आहे हे छापून सांगणारे शिक्षणतज्ज्ञ थोडे. त्यांनी ते तपशीलवार सांगितले. काही आठवड्यांनंतर कामकाज सुधारणांसह पुन्हा सुरू झाले. निवाडा मान्य नसेल तर महिन्याभराने फेरविचार मागता येईल असे ठरले. अवघड प्रकरणांसाठी एक शिक्षक आणि मुलांनी गुप्त मतदानाने निवडलेले दोन न्यायाधीश असे मंडळ नेमले गेले. मधल्या काळात एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली होती. न्यायालय बंद पडल्यावर सुस्कारा टाकणारी मुले बहुतेक तीच होती, ज्यांची नावे फलकावर वारंवार लागत.

या संस्थेतला सर्वांत धाडसी भाग म्हणजे मोठ्या माणसांचे आरोपी होणे. सहा महिन्यांत कोर्चाक यांनी स्वतःला पाच वेळा न्यायालयापुढे उभे केले. एकदा एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एकदा एकाला शयनगृहाबाहेर काढले म्हणून, एकदा कोपऱ्यात उभे केले म्हणून, एकदा न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, आणि एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. त्यांनी आपली बाजू लेखी दिली. दहा-बारा वर्षांच्या पाच मुलांनी ती वाचली आणि कलम लावले.

हे नाटक नव्हते. शिक्षक चिडतो, त्याचा हात उठतो, त्याच्या तोंडून लागट शब्द जातो, हे जगातल्या सर्व शाळांत घडते. पुढचे घडत नाही. कोर्चाक यांनी या पाच प्रकरणांना आपल्या नव्या शिक्षणाची कोनशिला म्हटले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. शिक्षकाने मुलाला दुखवू नये ते त्याच्या मनात माया आहे म्हणून नव्हे, तर मुलाला दाद मागण्याची जागा आहे म्हणून. माया आज असते, उद्या थकते, आणि एकावर असते तशी दुसऱ्यावर नसते. जागा कायम राहते. महाराष्ट्रातल्या शाळांत मायाळू शिक्षकांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती या जागेची, आणि आजही आहे.

याच काळात, कोर्चाक यांच्याशी काहीही संबंध नसताना, हा प्रश्न इतर ठिकाणीही सुटू पाहत होता. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात होमर लेन यांनी 1913 ते 1918 या काळात ‘लिटल कॉमनवेल्थ’ ही गुन्हेगार ठरलेल्या मुलामुलींची वसाहत चालवली. तिथेही मुलांचे न्यायालय होते. लेन यांच्यापासून प्रेरणा घेऊन ए. एस. नील यांनी 1921 साली ‘समरहिल’ शाळा काढली. तिच्या सभेत प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक शिक्षकाला सारखेच एक मत असे. दक्षिण आफ्रिकेत 1910 साली स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर मोहनदास गांधी मुलांना शिकवत. एका दांडगट मुलाला त्यांनी रागाने रूळ मारला, आणि त्या प्रसंगाचा पश्चात्ताप आत्मकथेत नोंदवला. फिनिक्स आश्रमात मुलांकडून नैतिक चूक घडली तेव्हा त्यांनी सात दिवस उपवास केला आणि पुढे साडेचार महिने एकभुक्त राहिले. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 साली शिक्षक म्हणून आले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांनी केर काढला नाही तर ते रागावत नसत, स्वतः झाडू हाती घेत. हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढून त्यातून ते मुलांशी बोलत. गांधी आणि साने गुरुजी या दोघांच्याही मार्गात शिक्षक मुलाचा दोष स्वतःवर घेतो आणि मुलाला आतून हलवतो. कोर्चाक यांचा मार्ग याहून वेगळा आहे. तिथे शिक्षक आपला दोष मुलांसमोर मांडतो आणि त्यांचा निवाडा मागतो. उपवासाने मूल गहिवरते, पण उपवासाला ते उलट प्रश्न विचारू शकत नाही. न्यायालयात ते विचारू शकत होते.

न्यायालयाभोवती कोर्चाक आणि विल्चिन्स्का यांनी आणखी काही साधने उभी केली होती, आणि स्वतःला ओळखण्याच्या दृष्टीने ती न्यायालयापेक्षा कमी मोलाची नव्हती. त्यांत एक होती पत्रपेटी. धावत येऊन बाही ओढणाऱ्या मुलाला सांगितले जाई, की लिहून पेटीत टाक. पेटी ठरल्या वेळी उघडे आणि उत्तर मिळे. लिहिताना मुलाला आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवावे लागे, क्षुल्लक आणि महत्त्वाचे यांत फरक करावा लागे, आणि उत्तराची वाट पाहावी लागे. ज्यांना बोलायला लाज वाटे त्यांनाही वाट मिळाली. नव्याने आलेल्या मुलाला तीन महिने एक मोठे मूल पालक म्हणून लाभे. बहुधा हा पालक पूर्वी स्वतःच त्रासदायक म्हणून गाजलेला असे, आणि आपण सांभाळत असलेल्या मुलाच्या वागण्याची तो वहीत नोंद ठेवी. त्या वहीच्या समासात कोर्चाक आपले शेरे लिहीत.

आणखी एक साधन म्हणजे पैज. आठवड्यातून एकदा मुले कोर्चाक यांच्यापुढे रांग लावत आणि स्वतःबद्दल पैज मारत. मारामारी अजिबात सोडतो, अशी पैज कोर्चाक सहसा घेत नसत. गेल्या आठवड्यात किती वेळा मारामारी केलीस, असे ते विचारत, आणि मुलगा सात म्हणाला तर या आठवड्यात पाच किंवा सहा, असे ठरे. पुढच्या आठवड्यात मुलगा येऊन जिंकलो किंवा हरलो ते सांगे. पडताळणी नसे, त्याचा शब्द प्रमाण. जिंकला तर गोळ्या मिळत. खोटे बोलण्याची, शिव्या देण्याची, उशिरा उठण्याचीही पैज लागे. संकल्प मोडला की मूल स्वतःला नालायक समजते आणि पुन्हा प्रयत्न करत नाही, हे या डॉक्टरांनी पाहिले होते. मोजता येण्याजोगी, हळूहळू कमी होणारी चूक मुलाच्या आवाक्यात असते. आपण कधी, कशाने, किती वेळा चिडतो हे आठवडाभर मोजणाऱ्या मुलाला स्वतःच्या स्वभावाची जी माहिती होते, ती उपदेशाने होत नाही.

सगळीच साधने निर्दोष नव्हती. दरवर्षी मुले मतदान करून एकमेकांना गुण देत आणि त्यावरून प्रत्येकाला नागरिकत्वाचा दर्जा मिळे. सर्वांत खालच्या दर्जाचे नावच ‘त्रासदायक नवखा’ अशा अर्थाचे होते. आधीच पोरक्या असलेल्या मुलाला सर्वांच्या मताने नकोसे ठरवणे क्रूर होते. सुधारून पुढचा दर्जा मिळवता येई हे खरे, पण तेवढ्याने ती जखम भरत असेल असे म्हणवत नाही. न्यायालयाने मुलाचे वागणे तोलले. या मतदानाने मूलच तोलले.

पहिल्या महायुद्धानंतर पोलंड स्वतंत्र झाला. मारिना फाल्स्का यांनी कामगारांच्या मुलांसाठी 1919 मध्ये वॉर्साजवळ ‘नाश दोम’, म्हणजे आमचे घर, हे बालगृह उघडले आणि कोर्चाक यांच्या सहभागाने तिथेही मुलांच्या स्वशासनाची ही रीत आली. 1926 मध्ये कोर्चाक यांनी ‘माली प्शेग्लोंद’ हे मुलांनी लिहिलेले साप्ताहिक एका मोठ्या दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू केले. ते 1939 पर्यंत चालले. ‘म्हातारा डॉक्टर’ या नावाने त्यांची नभोवाणीवरील भाषणे गाजली.

1939 साली जर्मन सैन्याने वॉर्सा घेतले आणि पुढच्या वर्षी अनाथाश्रमाला ज्यूंसाठी भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत हलवावे लागले. उपासमार आणि साथी यांत कोर्चाक पोतडी घेऊन दारोदार मुलांसाठी अन्न मागत फिरत. 18 जुलै 1942 रोजी आश्रमातल्या मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. आजाराने खोलीत अडकलेला आणि खिडकीतून जगाशी बोलणारा अमल त्या भिंतीआडच्या मुलांना परका वाटण्याचे कारण नव्हते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 200 मुलांना आगगाडीत चढवून त्रेब्लिंकाच्या संहार छावणीत नेण्यात आले. स्वतःला वाचवण्याच्या संधी नाकारून कोर्चाक आणि विल्चिन्स्का मुलांबरोबर गेले. कोणीही परतले नाही.

मागे राहिले ते छापलेले शब्द. 1978 मध्ये पोलंडने संयुक्त राष्ट्रांपुढे बालहक्क कराराचा प्रस्ताव ठेवला. 20 नोव्हेंबर 1989 रोजी हा करार संमत झाला आणि 1992 मध्ये भारताने तो स्वीकारला. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि ते ऐकले जाण्याचा मुलाचा हक्क या कराराच्या 12 व्या कलमात आहे. क्रोख्माल्ना रस्त्यावरच्या फलकाशी त्याचे नाते उघड आहे.

शाळेतली भांडणे संवादाने सोडवण्याची जी पद्धत आज अनेक देशांत दिसते, ती मात्र थेट कोर्चाक यांच्यापासून आलेली नाही. तिचा उगम कॅनडात सांगितला जातो. 1974 साली ऑन्टारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावी दोन तरुणांनी एका रात्रीत 22 मालमत्तांची नासधूस केली. मार्क यांट्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्या दोघांना घरोघर जाऊन, ज्यांचे नुकसान झाले त्यांना तोंडावर भेटायला आणि भरपाई करायला लावले. न्यूझीलंडने 1989 च्या कायद्याने बालगुन्हेगारांसाठी कुटुंबाची बैठक आणली. तिच्यामागे माओरी लोकांची, सगळ्या गोतावळ्याने एकत्र बसून तंटा मिटवण्याची रीत होती. ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा शहरात पोलिसांनी 1991 मध्ये तिला वेगळे रूप दिले. 1994 मध्ये क्वीन्सलंड राज्यातल्या मारूचीडोर येथील सरकारी माध्यमिक शाळेत समुपदेशक मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात अशी बैठक घेतली, आणि ही पद्धत शाळेच्या दारातून आत आली.

या बैठकीत न्यायाधीश नसतो. सगळे गोलात बसतात. काय घडले, तेव्हा मनात काय होते, त्यानंतर काय वाटत राहिले, कोणाकोणाला झळ बसली आणि आता ते भरून काढायला काय करावे लागेल, हे प्रत्येकाला क्रमाने विचारले जाते. ‘का केलेस?’ हा प्रश्न मुद्दाम टाळला जातो, कारण त्यावर मूल सबब तरी सांगते किंवा मान खाली घालते. कोर्चाक यांच्या न्यायालयापेक्षा ही रीत एका बाबतीत पुढे आहे. इथे ज्याला इजा झाली त्याला काय हवे आहे हे विचारले जाते. वॉर्सातल्या संहितेत निवाड्यानंतरच्या भरपाईला फारशी जागा नव्हती. दुसऱ्या बाबतीत ती मागे आहे. बैठक कधी घ्यायची, कोणाला बोलवायचे आणि प्रश्न कोणते, हे बहुतेक शाळांत मोठी माणसेच ठरवतात, आणि शिक्षक स्वतः आरोपीच्या जागी क्वचितच बसतो.

भारतात बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याचे 17 वे कलम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंनाही त्याने मनाई केली. छडी, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे हे सगळे बेकायदा ठरले. छडी गेल्यावर भांडणारी दोन मुले समोर उभी राहतात तेव्हा शिक्षकाने काय करावे, हे मात्र कलम सांगत नाही. पुष्कळ ठिकाणी तिची जागा पालकांना बोलावण्याने आणि वहीतल्या शेऱ्याने घेतली आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत तक्रारपेटी लावण्याचे शासनाचे आदेश आहेत आणि पुष्कळ शाळांच्या भिंतीवर ती कुलूप लावलेली दिसते. क्रोख्माल्ना रस्त्यावरची पेटी चालली, कारण ती कधी उघडणार हे प्रत्येक मुलाला ठाऊक होते आणि टाकलेल्या कागदाला उत्तर येत होते. आपल्या शाळेतली पेटी कोण उघडतो, कोणत्या वारी उघडतो आणि मुलाला उत्तर किती दिवसांत मिळेल, एवढ्या तीन ओळी प्रत्येक मुख्याध्यापकाने पेटीच्या शेजारी लिहून लावाव्यात.